आभाळ मोकळं झालं की सावध व्हा: थंडीच्या लाटेत पिकं, बागा आणि गोठा सांभाळण्यासाठी

डिसेंबर उजाडला की मोबाईलवर 'सैबेरियाचे बर्फाळ वारे महाराष्ट्रात' असे मेसेज फिरायला लागतात. अलीकडे त्यात 'पोलर व्होर्टेक्स'ही आला आहे. ते वाचून कुणी आठवडाभर रोज रात्री मोटर चालवतो, कुणी बागेत टायर पेटवतो, आणि ज्या एक-दोन रात्री खरोखर जागायला हवं असतं त्या रात्री थकून झोपलेला असतो. पीक वाचवायचं तर थंडी कोणत्या रात्री बसणार हे आधी ओळखता आलं पाहिजे. ते ओळखणं वाटतं तितकं अवघड नाही.

हिवाळ्यात उत्तर ध्रुवाभोवती अतिथंड हवेचा प्रचंड भोवरा पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरत असतो, तोच हा पोलर व्होर्टेक्स. हा भोवरा घट्ट असला की थंडी तिकडेच कोंडून राहते. तो ढिला पडला की उंचावरच्या वेगवान वाऱ्यांचा पट्टा नागमोडी होतो आणि ध्रुवीय हवा दक्षिणेकडे घसरते. जानेवारी २०१९च्या अखेरीस शिकागोचा पारा उणे ३० अंशांपर्यंत गेला तो याच कारणाने. फेब्रुवारी २०२१मध्ये तर ही हवा पार टेक्सासच्या दक्षिण टोकापर्यंत पोचली आणि तिथल्या संत्री-ग्रेपफ्रूटच्या बागांचं मोठं नुकसान झालं. तो भाग साधारण आपल्या जोधपूरच्या अक्षांशावर येतो. अमेरिकेत ध्रुवापासून टेक्सासपर्यंत मोकळं मैदान आहे, वाटेत आडवा डोंगर नाही, म्हणून हे घडतं.

आपल्याकडे हिमालय आणि त्यामागचं तिबेटचं पठार आडवं उभं आहे. सैबेरियाची जड, जमिनीलगतची हवा सरळ ते ओलांडून नाशिक-जळगावला येत नाही. तिला आडवाट धरावी लागते. भूमध्य समुद्राच्या बाजूने इराण, अफगाणिस्तानवरून येणारे पश्चिमी झंझावात हीच ती वाट. झंझावात आला की काश्मीर-हिमाचलात बर्फ पडतं, पंजाब-हरियाणात पाऊस होतो आणि आपल्याकडे आभाळ भरून येतं. ढगांमुळे रात्री उलट ऊबच जाणवते. लोक म्हणतात, थंडी पळाली. पण झंझावात पूर्वेला सरकला की त्याच्या पाठीमागून कोरडी थंड हवा राजस्थान, गुजरात, मध्य प्रदेशातून खाली उतरते. खानदेश आणि नाशिकला ती साधारण दोन-तीन दिवसांत पोचते. विदर्भात ती मध्य प्रदेशातूनच येते, म्हणून नागपूर, गोंदियाचा पाराही त्याच सुमारास खाली येतो.

म्हणजे काश्मीरमधल्या बर्फवृष्टीची बातमी ही आपल्यासाठी दोन दिवस आधी मिळालेली सूचना आहे. ती ऐकली की कामाला लागावं.

रात्र कशी ओळखायची

वारा उत्तरेकडून यायला लागला म्हणजे लगेच पीक जळतं असं नाही. वारा चालू असेपर्यंत वरची आणि खालची हवा मिसळत राहते आणि पारा फार कोसळत नाही. घात होतो तो वारा पडल्यावर. आभाळ काचेसारखं स्वच्छ, वारा थांबलेला आणि हवा कोरडी, या तिन्ही गोष्टी एका रात्री जुळल्या की जमिनीतली ऊब सरळ वर निघून जाते. हवेत ओल असती तर दहिवर पडता पडता थोडी ऊब सुटली असती आणि पारा सावकाश उतरला असता. कोरड्या हवेत तो आधारही राहत नाही. ओठ फुटायला लागले, दोरीवरचे कपडे सावलीतही झटकन वाळू लागले आणि संध्याकाळी धूर सरळ वर न जाता थोड्या उंचीवर आडवा पसरला, तर ती रात्र जपायची.

हवामान विभाग मैदानी भागात किमान तापमान १० अंश किंवा त्याखाली येऊन सरासरीपेक्षा किमान साडेचार अंशांनी उतरलं की थंडीची लाट जाहीर करतो. पारा थेट ४ अंशांवर किंवा त्याखाली गेला तर सरासरी न बघताही लाट धरली जाते, आणि २ अंशांवर तीव्र लाट. पण वेधशाळेचा तापमापक जमिनीपासून सव्वा मीटरवर, लाकडी पेटीत असतो. स्वच्छ, निवांत रात्री जमिनीलगतचा गारवा त्याहून तीन-चार अंशांनी अधिक असू शकतो. बातमीत ४ अंश सांगितलं असलं तरी तुमच्या हरभऱ्याच्या शेंड्यावर पहाटे हिमकण दिसतात ते त्यामुळे. शंभर-दोनशे रुपयांचा साधा तापमापक आणून शेतातल्या सर्वात खोलगट जागी, पिकाच्या उंचीवर, उघड्यावर टांगा. शेतीच्या सगळ्या खरेदीत इतक्या कमी पैशांत इतकी उपयोगी वस्तू दुसरी नाही असं माझं मत आहे.

खोलगट जागा म्हणायचं कारण, थंड हवा जड असते आणि ती उतारावरून वाहत येऊन खाली साचते. निफाडचा पारा नाशिक शहराहून कायम खाली असतो, त्यात गोदावरी-कादवेच्या सखल, सपाट खोऱ्याचा वाटा आहे. महाबळेश्वरात गावात नसलेले हिमकण वेण्णा लेकच्या काठी दिसतात तेही असंच. तुमच्याही शिवारात ओढ्याकाठचा एखादा तुकडा असा असतो. कुणाला विचारायची गरज नाही, पहाटे अनवाणी चाललात तरी तो सापडतो. मनुष्यबळ आणि पाणी कमी असेल तर आधी तो तुकडा सांभाळा. त्याच्या खालच्या बाजूला दाट कुंपण किंवा कुडाची आडभिंत असेल तर थंड हवा तिथेच तुंबते. कुंपणाचा खालचा भाग मोकळा करून तिला वाट द्या.

नाशिकला ७ जानेवारी १९४५ रोजी ०.६ अंश आणि पुण्यात १७ जानेवारी १९३५ रोजी १.७ अंश अशा नोंदी आहेत. म्हणजे शून्याजवळचा पारा आपल्याला नवा नाही. नवी आहे ती त्या पट्ट्यातली लाखमोलाची द्राक्षबाग.

पाणी: सगळ्यात भरवशाचं

विहिरीचं किंवा बोअरचं पाणी पहाटे हाताला कोमट लागतं आणि पाटातून वाहताना त्यावर वाफ दिसते. हे पाणी बाहेरच्या हवेपेक्षा पुष्कळ गरम असतं आणि जमिनीत जाताना ती ऊब देतं. दुसरा फायदा अधिक मोठा आहे: ओली, घट्ट बसलेली जमीन दिवसभराचं ऊन साठवते आणि रात्री सावकाश सोडते. त्यामुळे पहाटे पाणी देण्याइतकंच आदल्या दिवशी जमीन ओली असणं मोलाचं आहे. झंझावात सरकल्याची बातमी आली की पहिल्याच दिवशी हलकं पाणी द्या. तळ्या-शेततळ्याचं पाणी मात्र विहिरीइतकं ऊबदार नसतं, ते आदल्या दिवशीच्या उन्हात दिलेलं चांगलं.

इथे एक गोष्ट नेहमी चुकते. 'एक कोळपणी म्हणजे अर्धं पाणी' हे खरं आहे, पण थंडीच्या लाटेच्या तोंडावर कोळपणी करू नये. भुसभुशीत कोरडा थर खालची ऊब वर येऊ देत नाही. तीच गोष्ट पाचटाच्या जाड आच्छादनाची: मुळांना ते जपतं, पण त्यावरच्या बुटक्या पिकाचा शेंडा मोकळ्या ओल्या जमिनीवरच्या पिकापेक्षा जास्त गारठतो. केळी, डाळिंब, द्राक्षासारख्या उंच पिकात आच्छादन राहू द्या. भाजीपाल्यात वाळलेलं आच्छादन असेल तर त्यावर पाणी मारून ते ओलं ठेवा.

तुषार सिंचन असेल आणि पारा शून्याजवळ जात असेल तर ते पहाटे सुरू करून सूर्य वर येईपर्यंत बंद करू नका. मध्येच बंद केलं तर ओल्या पानावरून पाणी उडताना पान आणखी थंड होतं, म्हणजे न केलेलं बरं. वीज सकाळपर्यंत टिकेल याची खात्री नसेल तर तुषारच्या भानगडीत पडू नये, ठिबक किंवा पाटपाणीच बरं.

रात्री पाणी धरायला एकट्याने जाऊ नका. निफाड, सिन्नर, जुन्नर अशा ऊसपट्ट्यांत बिबट्याचा वावर आहे. दोघं मिळून जा, मोठी बॅटरी जवळ ठेवा, मोबाईलवर गाणी लावा. पीक पुढच्या वर्षी पुन्हा येतं.

धूर आणि शेकोट्या

धुराबद्दल स्पष्ट सांगतो: पिकाला वाचवते ती ऊब, धूर नव्हे. नुसत्या धुराच्या पडद्याने जमिनीची ऊब फारशी अडत नाही. म्हणून बांधावर एक मोठा भडका करण्यापेक्षा बागेत विखुरलेल्या पुष्कळ छोट्या शेकोट्या उपयोगी. मोठ्या आगीची गरम हवा जोरात वर निघून जाते आणि बाजूची थंड हवा आत ओढली जाते. छोट्या आगीची ऊब पिकाच्या उंचीवर फिरत राहते. शेकोट्या मध्यरात्रीनंतर पेटवा आणि सूर्योदयानंतर थोडा वेळ चालू ठेवा, कारण पारा सर्वात खाली असतो तो सूर्योदयाच्या सुमारास. वेली आणि ठिबकच्या नळ्यांपासून अंतर ठेवा. टायर आणि प्लास्टिक कदापि जाळू नका. त्याची काजळी घडांवर बसते आणि माल नाकारला जातो.

द्राक्ष

गोडी छाटणी (फळं धरण्यासाठी केलेली छाटणी) कधी झाली त्यावर सगळं ठरतं. उशिरा छाटलेली बाग अजून फुटीत किंवा फुलोऱ्यात असेल तर थंडीने वाढ थबकते, पानं आखडतात, मणी धरत नाहीत. अशा वेळी घाईने संजीवकांचा (वाढीच्या औषधांचा) डोस वाढवू नका. मुळं थंड पडलेली असताना वेल ते पेलत नाही. जमीन ऊबदार ठेवा, वाढ पारा चढल्यावर आपसूक सुरू होते.

मण्यात पाणी उतरण्याची, म्हणजे मणी मऊ पडून गोडी भरू लागण्याची अवस्था सर्वात नाजूक. रात्र ७-८ अंशांची आणि दुपार २८-३० अंशांची, असा मोठा फरक सलग राहिला तर हिरव्या वाणांत 'पिंक बेरी' येते. थॉम्पसन, तास-ए-गणेश, सोनाका यांचे मणी गुलाबी छटेचे होतात आणि निर्यातीच्या डब्यातून बाहेर पडतात. खाण्यात काही बिघडलेलं नसतं, पण भाव पडतो. यावर उपाय एकच, पाणी उतरायच्या आधी घड कागदाने झाकणे. गुलाबी झालेला मणी नंतर कशानेही हिरवा होत नाही, त्यामुळे छटा दिसल्यावर फवारणीवर खर्च करू नका.

पक्व बागेत मणी तडकण्याचं संकट असतं. रात्री पानं पाणी बाहेर टाकत नाहीत, मुळं मात्र घेत राहतात, मण्याच्या आत दाब वाढतो आणि गारठ्याने ताठरलेली साल देठाजवळ फाटते. म्हणून वर सांगितलेला पाण्याचा सल्ला इथे जपून वापरायचा. बाग सुकवून नंतर एकदम भरपूर पाणी देणं हे सर्वात वाईट. पहाटे थोडा-थोडा वेळ ठिबक चालवा, ओल कायम पण बेताची ठेवा. बागेच्या उत्तर आणि पश्चिम बाजूला शेडनेट किंवा साड्यांचा आडोसा बांधला तर वाऱ्याचा सरळ मारा कमी होतो. या दिवसांत भुरीवर (पांढऱ्या बुरशीच्या रोगावर) लक्ष हवं. कोरड्या, थंड हवेत ती पसरते आणि गारठ्यात गंधकाचा परिणाम कमी मिळतो. फवारणी सकाळी दहा-अकरानंतर, दहिवर वाळल्यावर करा.

केळी

रावेर-यावलच्या पट्ट्यात पारा १० अंशांखाली राहिला की नवीन पान निघणं जवळजवळ थांबतं. बाग निसवत असेल, म्हणजे घड बाहेर पडत असतील, तर जास्त काळजी: घसा आखडतो, कमळ (केळफूल) अडकतं आणि घड कधी खोडाच्या बाजूने फुटून बाहेर येतो. तयार घडाची साल नखाने हलकेच सोलून पाहा. आत तपकिरी रेषा दिसल्या तर ते चिलिंग, म्हणजे गारठ्याची इजा आहे; असं फळ पिकताना पिवळंधमक होत नाही, मळकट राहतं. १३ अंशांखालचा गारठा काही रात्री सोसला तरी हे होतं.

घडाला स्कर्टिंग बॅग घाला. कडेने शेवरी किंवा गजराज गवताची ताटी नसेल तर यंदा शेडनेट लावा आणि जूनमध्ये ताटी पेरायची खूणगाठ बांधा. पाणी रात्री द्या. खोडाशी पाव किलोपर्यंत निंबोळी पेंड घाला. फाटलेली पण हिरवी पानं कापू नका, तीच घडाला पांघरूण देतात. फक्त करप्याने वाळलेली काढा.

इतर पिकं

गव्हाला थंडी हवीच असते. फुटवे वाढतात, दाणा भरतो. त्याच्यासाठी काळजीचं काही नाही, पेरणीनंतर १८ ते २१ दिवसांनी मुकुटमुळं फुटतानाचं पाणी तेवढं चुकवू नका. उसातही साखर भरते. खोडव्याची उगवण मात्र या दिवसांत मंदावते, तुटलेल्या उसाचा खोडवा फुटत नाही म्हणून लगेच नांग्या भरायला (रिकाम्या जागी नवी लागण करायला) जाऊ नका.

हरभरा फुलात असताना रात्री सलग १० अंशांखाली राहिल्या तर फुलं गळतात, घाटे धरत नाहीत. तुकड्याला हलकं पाणी द्या. भारी जमिनीत भरपूर पाणी दिलं तर नुसता पाला वाढतो. फुलं पुन्हा येतात, धीर धरा.

कांद्यात डेंगळ्यांची भीती असते. रोप जाड झाल्यावर लांबलेली थंडी लागली की गड्डा पोसायच्या ऐवजी फुलाचा दांडा निघतो. जून झालेलं रोप लावू नका, आणि दिसलेला डेंगळा मोडला तरी तो कांदा साठवणुकीत टिकत नाही, तो आधी विका.

टोमॅटो, मिरची, वांग्याच्या रोपवाटिकेवर संध्याकाळी चार-पाच वाजताच, जमिनीत ऊब असताना, क्रॉप कव्हर किंवा प्लास्टिक ओढा आणि सकाळी ऊन चढल्यावर काढा. प्लास्टिक पानाला टेकू देऊ नका, टेकलेलं पान पहिल्यांदा जळतं. कलिंगड-खरबूज संक्रांतीच्या आसपास लावणार असाल तर बी थेट गार मातीत न टाकता ट्रेमध्ये, ऊबेत उगवून घ्या.

कोकणात हीच थंडी हापूसला मोहोर आणते, पण ती लांबली की झाड पुन्हा मोहरतं आणि आधीची वाटाण्याएवढी कैरी गळते. या पुनर्मोहोरासाठी दापोलीच्या कृषी विद्यापीठाची शिफारस ५० पीपीएम जिबरेलिक अॅसिडची, म्हणजे २० लिटर पाण्यात १ ग्रॅम. फवारणीची वेळ आपल्या भागातल्या कृषी सहाय्यकाकडून पक्की करून घ्या.

गोठा आणि कोंबड्या

उत्तरेच्या बाजूला गोणपाटाचे पडदे बांधा, पण वरची हवा मोकळी ठेवा. बंद गोठ्यात मूत्राचा वास कोंडून वासरांना न्यूमोनिया होतो. जमिनीवर कोरडं भुसकट किंवा पाचट टाका. टाकीतलं रात्रीचं गार पाणी गाय कमी पिते आणि दूध घटतं. सकाळी ताजं विहिरीचं पाणी पाजा. करडं आणि नवजात वासरं ओली राहू देऊ नका. कोंबडीच्या पिल्लांना पहिल्या आठवड्यात ब्रूडरखाली (ऊब देणाऱ्या दिव्याखाली) ३२ ते ३५ अंशांची ऊब लागते. ती एका ठिकाणी ढीग करून बसली तर ऊब कमी पडतेय असं समजा.

बंद खोलीत किंवा बंद गोठ्यात कोळशाची शेगडी पेटती ठेवून झोपू नका. कोळशातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साईड या विषारी वायूला वास नसतो आणि माणूस झोपेतच जातो. रखवालदार, ऊसतोड कामगार यांनाही हे सांगा.

लाट ओसरल्यावर

गारठ्याने काळवंडलेली पानं, शेंडे लगेच छाटू नका. किती मेलं आणि किती जिवंत आहे ते कळायला आठवडा जातो, आणि मेलेला पालाही पुढच्या थंड रात्री आतल्या फुटीला आडोसा देतो. युरियाची घाई नको. कोवळी लुसलुशीत फूट आली आणि दुसरी लाट आली तर नुकसान दुप्पट. ऊब परतल्यावर हलकं पाणी आणि गरजेपुरतं पालाश, एवढं पुरे.

फळपीक विमा घेतला असेल तर लक्षात ठेवा: हवामानावर आधारित योजनेत कमी तापमानाची भरपाई तुमच्या शेतातल्या तापमापकावर नव्हे, तर तुमच्या महसूल मंडळासाठी ठरवलेल्या हवामान केंद्राच्या नोंदीवर ठरते. कोणतं पीक, कोणता कालावधी, सलग किती दिवस आणि किती अंश, हे त्या वर्षीच्या शासन निर्णयात दिलेलं असतं. ते कलम वाचा, केंद्र कोणतं ते विचारून ठेवा, आणि केंद्र बंद पडलेलं दिसलं तर नुकसान व्हायच्या आधीच तालुका कृषी कार्यालयात लेखी द्या.

जिल्ह्याचा कृषी हवामान सल्ला दर मंगळवारी आणि शुक्रवारी निघतो, 'मेघदूत' ॲपवर तो मराठीत मिळतो. त्यातला पाच दिवसांचा किमान तापमानाचा अंदाज आणि आभाळाची स्थिती एकत्र वाचा. जानेवारीच्या अखेरीपासून पुढे झंझावाताचे ढग परत आले आणि त्याच वेळी बंगालच्या उपसागराकडून दमट वारे सुरू झाले, तर थंडीऐवजी गारपिटीकडे लक्ष द्यावं लागेल. फेब्रुवारी-मार्च २०१४ची गारपीट अशाच काळात झाली होती. तयार द्राक्षं, काढणीला आलेला कांदा आणि उघड्यावर पडलेला हरभरा त्या अंदाजाआधी आत घ्या.